ऑर्किडची पानं लुळी पडलीत? पाणी थांबवा आणि आधी मुळं बघा

मुलुंडच्या ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दिवाळीत भेट आलेलं पांढरं फॅलेनॉप्सिस ऑर्किड, फुलं अडीच महिने टिकली, मग पानं लुळी पडली, तहान लागली असेल म्हणून रोज पाणी, तरी फरक नाही म्हणून मोठ्या कुंडीत लाल माती आणि शेणखत घालून लावलंत आणि आता खालची दोन पानं पिवळी. वरचं पान अजून घट्ट आहे म्हणताय ना, मग झाड वाचू शकतं, पण आज-उद्याच कुंडीतून बाहेर काढा, पाऊस सुरू झाल्यावर फार कठीण जाईल.

पान सुरकुतलं की पानात पाणी पोचत नाहीये एवढंच कळतं, का पोचत नाही ते कळत नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा कुंडीत पाणी भरपूर असतं पण ते ओढणारी मुळंच कुजलेली असतात, आणि आपण वरून आणखी पाणी घालतो. माझी पहिली तीन झाडं अशीच गेली, जुलै महिन्यात, आठवड्याच्या आत. मी रोज सकाळी न चुकता पाणी घालायचे आणि रोज पानं जास्तच मऊ लागायची. शेवटी उपटून बघितलं तर एकही मूळ शाबूत नव्हतं. अजून वाईट वाटतं, कारण वाचवता आली असती.

मे महिन्यात कोकणात गेलात तर आंब्या-फणसाच्या खोडावर सीतेची वेणी फुललेली बघा, जांभळट पांढऱ्या फुलांचे लांब तुरे लोंबत असतात. लोक त्याला बांडगूळ समजतात पण ते चूक आहे, बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून रस खातं, आमरी, म्हणजे ऑर्किड, नुसती सालीला धरून बसते, झाडाचं काही घेत नाही. तिची मुळं बोटभर जाड, उघडी, वाऱ्यावर. धो धो पाऊस पडतो, भिजतात, पाऊस थांबला की तासा-दोन तासात कोरडी. तुमचं फॅलेनॉप्सिस आग्नेय आशियाकडचं, पण राहणी तीच, झाडावर राहणारं. त्याच्या मुळांवर वेलामेन म्हणून स्पंजासारखा पांढरा थर असतो, पाणी पडलं की तो क्षणात शोषून घेतो आणि मग त्याला हवा लागते. मातीत ती हवा मिळत नाही, थर सतत ओला राहतो आणि आतलं मूळ गुदमरून सडतं. म्हणून मातीत अजिबात नाही, शेणखत तर नाहीच.

आता काय करायचं. झाड काढा, मुळं नळाखाली धुवा, माती सगळी जाऊ द्या. मूळच्या प्लास्टिकच्या कुंडीतला सुक्या शेवाळाचा (मॉसचा) गोळा बुंध्याखाली तसाच राहिला असेल, बहुतेक वेळा राहतोच, तो चिमट्याने थोडा थोडा करून काढा, सड तिथेच सुरू होते. मग एकेक मूळ दोन बोटांत धरून हलकं दाबा. टणक लागलं तर जिवंत, रंग पिवळट किंवा तपकिरी असला तरी, कारण कुंडीच्या आत उजेड न मिळालेली मुळं तशीच दिसतात, लोक ती उगाच कापतात. दाबल्यावर पाणी सुटलं आणि वरची साल मोज्यासारखी सरकून आतला बारीक दोरा हातात आला, तर ते गेलं. ते टणक भागापर्यंत कापा. कात्री आधी गॅसच्या आचेवर धरून गार करून घ्या, मध्येमध्ये परत. कापलेल्या तोंडाला दालचिनीची पूड चालते पण फक्त तोंडालाच, चांगल्या मुळांवर पडली तर ती सुकवते. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं व्हिडिओत दाखवतात, मी कधीच सांगणार नाही, चांगली टोकंही भाजतात. सड जास्त असेल तर साफ नावाचं बुरशीनाशक मिळतं (कार्बेन्डाझिम 12 टक्के, मॅन्कोझेब 63 टक्के), लिटरला 2 ग्रॅम, दहा मिनिटं बुडवून ठेवा, पण हातमोजे घालून आणि स्वयंपाकघरातलं भांडं न वापरता.

मग झाड एक दिवस सावलीत वर्तमानपत्रावर उघडंच पडू द्या. भीती वाटते, मला अजूनही वाटते, पण जखमा सुकायलाच हव्यात.

कुंडी छोटी घ्या, उरलेली मुळं जेमतेम मावतील एवढीच. मोठ्या कुंडीचा मधला भाग सुकतच नाही. पारदर्शक प्लास्टिकची सगळ्यात बरी, मुळं दिसतात, बाजूला आणि तळाला गरम सळीने जास्तीची भोकं पाडा. भरायला लाकडी कोळशाचे बोराएवढे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे अर्धे अर्धे. कोळसा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे मागितला तर देतो, न जळलेला घ्या आणि धुऊन घ्या. सोडण मात्र तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, पहिल्या दिवशी चहासारखं तपकिरी पाणी निघतं, ते निवळेपर्यंत वापरू नका. पाइनची साल मिळाली तर छानच. सोडण दीड-दोन वर्षांत कुजून मऊ होतं तेव्हा बदलावं लागतं. बुंधा वर राहू द्या, पुरू नका, हलत असेल तर काडीला बांधा, हलत्या झाडाची नवीन मुळं टोकाशी घासून मरतात.

लावल्यावर तीन-चार दिवस पाणी नाही. त्यानंतर वार ठरवून पाणी घालायचं बंद करा, मुळांचा रंग बघा. हिरवी म्हणजे ओली, हात लावू नका. चंदेरी पांढरी म्हणजे सुकली, आता द्या, सकाळीच, नळाखाली धरून मुळं हिरवी होईस्तोवर, आणि पूर्ण निथळू द्या. बशीत पाणी साठलेलं नको. मधल्या पानांच्या खोबणीत पाणी राहिलं तर टिश्यूने टिपून घ्या, तिथे सडलं तर मग काही करता येत नाही. पाण्याऐवजी कुंडीत बर्फाचे खडे ठेवायचा प्रकार आपल्याकडे नको, गरम हवेतलं झाड आहे ते.

पाण्याचं एक सांगायचं राहिलं. पालिकेचं पाणी तलावांचं, त्यात क्षार कमी, ते बिनधास्त वापरा. पण सोसायटीत टँकर किंवा बोअरचं येत असेल तर कोळशावर पांढरी खरपुडी धरते आणि मुळांची हिरवी टोकं काळी पडतात. माझ्या बहिणीकडे ठाण्याला हेच झालं, दोन महिने कारण कळेना, शेवटी प्यायच्या नळाचं पाणी घालायला लागली तेव्हा नवीन टोकं फुटली. पावसाचं पाणी तर उत्तमच, बादलीत धरून ठेवा.

जून ते सप्टेंबर मात्र झाड उघड्या पावसात ठेवू नका. मुंबईत या चार महिन्यांत 2000 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हवा इतकी दमट की कुंडी चार-पाच दिवस सुकत नाही. खिडकीच्या ग्रिलमध्ये छज्ज्याखाली, पूर्वेचं कोवळं ऊन मिळेल असं टांगा, आणि ढगाळ आठवड्यात वाराच नसेल तर छोटा टेबल फॅन दिवसातून काही तास, पानांवर थेट नाही, बाजूने. मी सातवं वर्ष हेच करतेय आणि पावसाळ्यात झाडं जायची थांबली. झाड पिशवीत बंद करून नवीन मुळं फुटवायची युक्ती थंड कोरड्या हवेची आहे, इथे दोन दिवसांत बुरशी येते.

खत सध्या अजिबात नाही. नवीन मूळ दोन इंच झालं की 19:19:19 नावाचं पाण्यात विरघळणारं खत, लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, आधी साधं पाणी देऊन मगच.

अजून एक, फुलांचा जुना दांडा हिरवा आहे म्हणून तुम्ही ठेवलाय असं फोटोत दिसतंय, तो बुंध्यापासून बोटभर सोडून कापून टाका, आत्ता झाडाची ताकद मुळांकडे जाऊ दे. खालची पिवळी पानं ओढू नका, आपोआप गळतील, त्यांतलं पाणी झाड वापरतंय. लुळी झालेली पानं पूर्वीसारखी ताठ होतीलच असं नाही, त्यावरून झाड सुधारतंय की नाही ठरवू नका. खालच्या पानाच्या बगलेत बघत राहा, महिना दीड महिन्यात तिथून हिरव्या टोकाचा एक गोळा बाहेर येईल, तांदळाच्या दाण्याएवढा, तेच नवीन मूळ. आला की फोटो टाका, आणि धुतल्यावर मुळांचा एक आजच टाका, किती कापायचं ते बघून सांगते.