उतार काढण्याआधी एकक बघ
पायथनमध्ये उंचीच्या डेटावरून जमिनीचा उतार काढताना सगळीकडे ८९ अंश येतोय ना? सूत्र ठीक आहे, एकक चुकलंय. उंची मीटरमध्ये आणि पिक्सेलचं अंतर अक्षांश-रेखांशाच्या अंशांत, असं त्रांगडं झालंय. रास्टर (उंचीच्या पिक्सेलांची जाळी) आधी यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणात, ने. तेव्हा रीसॅम्पलिंग (नव्या जाळीसाठी मूल्यं पुन्हा काढणं) बायलिनियर ठेव, म्हणजे शेजारच्या चार पिक्सेलांवरून मूल्य निघतं. नीअरेस्टने (सर्वांत जवळच्या पिक्सेलचं मूल्य जसंच्या तसं उचलल्याने) उतारात पायऱ्या उमटतात. मग नमपायच्या (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) ग्रेडियंटला, म्हणजे दोन्ही दिशांचा चढ काढणाऱ्या फंक्शनला, पिक्सेलचा आकार मीटरमध्ये दे. नाही दिलास तर तो १ धरतो, म्हणजे ३० मीटरच्या डेटावर चढ तीसपट! दोन्ही दिशांच्या चढांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ, त्याचा आर्कटॅन (चढावरून कोन देणारं फंक्शन). उत्तर रेडियनमध्ये येतं, ते अंशांत बदल (मी विसरलो होतो, अख्खे डोंगर सपाट झाले). आणि हो, -३२७६८ सारखी रिकाम्या पिक्सेलची मूल्यं अगदी सुरुवातीलाच नॅन (NaN, म्हणजे ‘मूल्य नाही’) कर, नाहीतर किनारीला खोटे कडे उभे राहतील.