प्रायोरिटी रांगेची असते, वरच्या कप्प्याची नाही

सुट्ट्या लागल्या की माझ्याकडे तेच प्रश्न पुन्हा येतात: पैसे भरूनही बॅगेला जागा का नाही, सात किलो म्हणजे नक्की काय काय, दारात बॅग का काढून घेतली. मी बरीच वर्षं एका एअरलाइनच्या गेटवर बोर्डिंग पास तपासले, विमानाच्या दाराशी, खाली सामानाच्या कक्षात पाठवायच्या बॅगांना टॅग लावले. आता नागपूरच्या धरमपेठेत तिकिटांचं काम करते. यावेळची सगळी पत्रं याच विषयाची निवडली आहेत.

प्रश्न : पुण्याच्या फ्लाइटला प्रायोरिटी बोर्डिंगचे वेगळे पैसे भरले. गेटवरून आम्हाला सगळ्यात आधी सोडलं. पण बसमध्ये आधी चढलो म्हणून पार आत ढकलले गेलो आणि विमानाजवळ सगळ्यात शेवटी उतरलो. वर बॅग ठेवायला जागाच नाही. मग पैसे कशाचे घेऊन राहिले हे लोक? (प्रतापनगर)

उत्तर : गेटवरच्या रांगेचे. अटी नीट वाचा. तिथे ‘बोर्डिंगमध्ये प्राधान्य’ असं लिहिलेलं असतं. बॅगेला जागा देऊ असं सहसा कुठेच नसतं. आपल्या सोनेगाव विमानतळावर एअरोब्रिज, म्हणजे गेटपासून विमानाला जोडणारा बंदिस्त पूल, लागला, तर तुमची रांग विमानाच्या दारापर्यंत टिकते. बस आली की ती बसमध्येच मोडते. आधी चढलेला आत सरकतो, शेवटी आलेला दाराशी उभा राहतो आणि तोच आधी उतरतो. शिवाय बसने नेलेल्या विमानाला बरेचदा पुढचं आणि मागचं अशी दोन्ही दारं उघडतात. तुमची सीट सत्ताविसाव्या रांगेत असेल आणि तुम्ही पुढच्या शिडीकडे धावलात, तर आधी पोहोचून काहीच मिळत नाही.

एअरोब्रिज की बस हे त्या दिवशी विमान कुठे उभं राहतं त्यावर ठरतं. तिकीट काढताना ते तुम्हाला कोणी सांगू शकत नाही, आणि पैसे तर तेव्हाच घेतले जातात. यालाच माझा आक्षेप आहे. बस असेल तर दाराजवळ उभे राहा आणि पुढची शिडी की मागची हे गेटवरच विचारून घ्या. तासा-दीड तासाच्या प्रवासाला प्रायोरिटी घेऊ नका. घ्यायचीच असेल, तर बस आली तर काय मिळेल हे एअरलाइनला आधी ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

प्रश्न : माझ्या सीटच्या वरचा कप्पा माझाच असतो ना? (महाल)

उत्तर : नाही, तो सगळ्यांचा असतो. आणि पुढच्या किंवा मागच्या टोकाच्या एखाद्या कप्प्यात ऑक्सिजनचं सिलिंडर, प्रथमोपचाराची पेटी असं सामान असतं. तिथे बॅग कोंबू नका, क्रूला विचारा.

प्रश्न : सीताबर्डीतून ‘केबिन साइज’ असं स्टिकर लावलेली चाकांची बॅग घेतली. दुकानदार म्हणाला सगळ्या विमानांत चालते. गेटवरच्या मापाच्या चौकटीत ती गेलीच नाही. (नंदनवन)

उत्तर : दुकानदार चौकटीपाशी उभा नसतो. आपल्याकडे बहुतेक एअरलाइन्स देशांतर्गत इकॉनॉमीला लांबी, रुंदी, उंची तिन्ही मिळून ११५ सेंटीमीटर आणि ७ किलो, असं माप धरतात. हे माप चाकं, मूठ आणि पुढचा फुगलेला खिसा धरून असतं. दुकानातले ‘२० इंच’ बरेचदा फक्त पेटीचे असतात. टेप घेऊन जा आणि जमिनीपासून मुठीपर्यंत मोजा. रिकाम्या बॅगेचं वजनही करून बघा. कडक कवचाची बॅगच तीन किलोची निघाली, तर सामानाला चार किलो उरतात. मापाचं आश्वासन दुकानदार बिलावर लिहून देत असेल तर घ्या, नाहीतर स्टिकरवर विसंबू नका.

एक गोष्ट यातच सांगते. A३२० या नेहमीच्या जेट विमानात साधारण १८० ते १८६ सीट असतात आणि वरचे कप्पे तेवढ्या जणांना पुरवायचे असतात. जुन्या कप्प्यांत चाकांची बॅग आडवी ठेवावी लागते, नव्या मोठ्या कप्प्यांत ती कडेवर उभी राहते आणि म्हणून जास्त बॅगा मावतात. तुमच्या वाट्याला कोणतं विमान येईल ते आदल्या दिवशीही बदलू शकतं. एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, असेल तर कप्पे इतके लहान असतात की नियमात बसणारी बॅगसुद्धा बरेचदा शिडीजवळच काढून घेतात. तेव्हा नियमात बसणारी बॅग आपल्यासोबतच राहील, हे गृहीत धरू नका.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. मागच्या वेळी विमान भरल्याचं सांगून दारातच त्यांची बॅग काढून खाली टाकली. इन्सुलिन त्यातच होतं. असं करायचा त्यांना अधिकार आहे का? (खामला)

उत्तर : आहे. वर जागा नसेल तर बॅग खाली पाठवावीच लागते. पण तुमचा प्रश्न अधिकारावर संपत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मे महिन्यातली एक दुपार मला अजून आठवते. एप्रनचं, म्हणजे विमानं उभी राहतात त्या पटांगणाचं, सिमेंट असं तापलेलं की बुटातून चटका लागत होता. शिडीखाली मी एका काकांची बॅग टॅगसाठी थांबवली. पॉवर बँक असेल तर काढून घ्या, म्हटलं. त्यांनी तिथेच उकिडवं बसून बॅग उघडली. वर घडी घातलेले सदरे, खाली टॉवेल, त्याखाली संत्रा बर्फीचा डबा, आणि पॉवर बँक अगदी तळाशी. मागे रांग खोळंबलेली, कोणीतरी ‘चला ना’ म्हणालं. काकांनी पॉवर बँक काढली, घाईत चेन लावली आणि वर गेले. दिल्लीला त्यांना पुढचं विमान होतं, बॅग मात्र मागे राहिली. त्यांचं इन्सुलिनचं पेन त्या टॉवेलातच गुंडाळलेलं होतं. संध्याकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला, तो मीच घेतला. आमच्या ठरलेल्या घोषणेत पॉवर बँकेचं वाक्य होतं, औषधांचं नव्हतं. ते घालावं म्हणून मी नंतर वरिष्ठांकडे लेखी मागणी केली. पण त्या दिवशी ते वाक्य माझ्याही तोंडून निघालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून घरूनच दोन बॅगा वेगळ्या करा. मोठी बॅग वर जाईल की खाली हे तुमच्या हातात नाही. पण एक लहान पिशवी, पुढच्या सीटखाली सहज सरकेल अशी, ती कोणी मागणार नाही. मोठ्या बॅगेच्या अगदी वरच्या खिशात ती ठेवली तरी चालेल, म्हणजे वेळ आली की एका हाताने बाहेर काढता येईल. त्यात रोजची औषधं, इन्सुलिन, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, चष्मा, घराच्या किल्ल्या, दागिने, कागदपत्रं आणि पॉवर बँक. इन्सुलिन गोठू द्यायचं नसतं आणि फार तापूही द्यायचं नसतं. आपल्याकडच्या उन्हात सामानाच्या ट्रॉलीवर राहिलेल्या बॅगेत त्याची काय गत होईल, हे तुम्हीच बघा. प्रवासात ते कसं ठेवायचं, जास्तीचे डोस किती न्यायचे आणि जेवणाची वेळ चुकली तर काय करायचं, हे मी सांगणार नाही. वडिलांच्या डॉक्टरांना निघण्याच्या आठवडाभर आधी विचारा. शेजाऱ्याला विचारून डोस ठरवू नका.

पॉवर बँकेचंही इथेच. ती खालच्या सामानात कधीच चालत नाही, कारण लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये कोणीतरी बघेल आणि विझवेल, सामानाच्या कक्षात ते जमत नाही. २०२५च्या जानेवारीत दक्षिण कोरियातल्या गिमहे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. ती आग वरच्या सामानाच्या कप्प्यातून सुरू झाली होती आणि त्यानंतर त्या देशाने पॉवर बँक कप्प्यात ठेवायला बंदी केली. म्हणून ती हाताशीच हवी. बॅटरीची क्षमता वॉट-अवरमध्ये मोजतात. १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी एअरलाइनची लागते. हिशेब सोपा आहे: एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले १०००. २०,००० एमएएच आणि ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-अवर, चालते. ३०,००० ची १११ होते, तिला आधी विचारावं लागेल. आकडा पुसलेली पॉवर बँक सुरक्षा तपासणीत अडू शकते, ती घरीच ठेवा.

आणि ज्यांनी पाय पसरायला जास्त जागा म्हणून पहिली रांग किंवा इमर्जन्सी दाराची रांग पैसे भरून घेतली आहे, त्यांनी लक्षात घ्या: तिथे उड्डाण आणि उतरताना पायाशी काहीच ठेवू देत नाहीत. तुमची ती लहान पिशवीसुद्धा वर जाते. वडिलांसाठी अशी सीट घेऊ नका. इमर्जन्सी दाराच्या रांगेत तर दार उघडू शकेल अशा धडधाकट माणसालाच बसवतात.

प्रश्न : पुण्याला मुलीकडे सावजी मसाला, लिंबाचं लोणचं, सुकं खोबरं आणि संत्रा बर्फी न्यायची आहे. हातातल्या बॅगेत चालेल का? (सक्करदरा)

उत्तर : बर्फी चालेल. मसाला, तिखट आणि लोणचं चेक-इनच्या बॅगेत, घट्ट बांधून. सुकं खोबरं नेऊच नका. त्यातल्या तेलामुळे ते तापून पेटू शकतं, म्हणून चेक-इनलाही अडवतात. परदेशी फ्लाइट असेल तर यादी वेगळी असते, तिथल्या एअरलाइनला विचारा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलं आहे की लॅपटॉपची बॅग आणि लेडीज पर्स सात किलोत धरायची नाही असा सरकारी नियम आहे, आणि गेटवर पैसे मागितले तर देऊच नये. (मानेवाडा)

उत्तर : असे मेसेज पुढे पाठवू नका, त्यावर भांडून लोक गेटवर फ्लाइट चुकवतात. नागरी विमान सुरक्षा ब्युरोचा नियम एका हँडबॅगेचा आहे. लॅपटॉप किंवा पर्स वेगळी धरायची का आणि किती किलोपर्यंत, हे एअरलाइन ठरवते आणि ते तुमच्या तिकिटाच्या अटींत असतं. तेच वाचा.

प्रश्न : ॲपवर तिकीट काढताना प्रायोरिटीच्या चौकटीत आधीच टिक होती. लक्षात आलं नाही, पैसे गेले. (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : याचा मला मनापासून राग येतो. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, २०२१मध्ये तिकिटापासून वेगळ्या केलेल्या सेवांबद्दल जे परिपत्रक काढलं, त्याचं तत्त्वच असं आहे की प्रवाशाने स्वतः निवडली तरच ती सेवा लावायची. आधी टिक करून ठेवायची आणि तुम्ही काढाल अशी वाट बघायची, हे उलटं झालं. आधी एअरलाइनला किंवा ॲपला लेखी तक्रार करा, सोबत पैसे भरल्याच्या पानाचा फोटो जोडा. दाद मिळाली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर टाका. उशीर मात्र करू नका. सहा महिन्यांनी माझ्याकडे येता, तेव्हा हातात ना स्क्रीनशॉट असतो ना ईमेल. रक्कम मोठी असेल तर ग्राहक आयोगात जाण्याआधी वकिलाशी बोला.

त्याच परिपत्रकाने चेक-इन बॅगेशिवायचं स्वस्त तिकीटही आणलं. ते घेणारे सगळं सामान हातातच आणतात आणि वरचे कप्पे आणखी लवकर भरतात. दोन-तीन दिवसांच्या कामाला असं तिकीट ठीक आहे. लग्नाला निघालात तर नको.

प्रश्न : घोषणा व्हायच्या आधीच सगळे उठून रांगेत उभे राहतात. आईचे गुडघे दुखतात, पण मैत्रीण म्हणते व्हीलचेअर मागायची, फुकटात आधी सोडतात. (इतवारी)

उत्तर : आईंना लागते ना, मग जरूर मागा. निदान ४८ तास आधी एअरलाइनला कळवा आणि नोंद झाल्याची खात्री करा. उतरताना शेवटी थांबावं लागेल, तेवढा वेळ पुढच्या प्रवासात धरा. मैत्रिणीला मात्र सांगा की गरज नसताना खुर्ची मागू नका. व्हीलचेअर आणि ती ढकलणारी मुलं मोजकीच असतात. एक खुर्ची अशी अडकली की अर्धांगवायू झालेले एखादे आजोबा तपासणीपाशी बाकावर बसून राहतात. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

प्रश्न : दारात टॅग लावलेल्या बॅगेचं चाक तुटून आलं. घरी आल्यावर लक्षात आलं. आता काय? (वर्धा रोड)

उत्तर : आजच एअरलाइनला लेखी कळवा, टॅगचा आणि तुटलेल्या चाकाचा फोटो जोडा. मोडतोडीची तक्रार सामान हाती आल्यापासून सात दिवसांत करावी लागते. खरं तर पट्ट्यावरून बॅग उचलली की तिथेच तपासायची आणि हॉल सोडण्याआधी काउंटरवर तक्रारीचा कागद घ्यायचा. देशांतर्गत प्रवासात सामानाची भरपाई एका प्रवाशाला जास्तीत जास्त २०,००० रुपये असते, त्याहून महाग वस्तू असेल तर चेक-इनलाच तिची किंमत जाहीर करावी लागते. सात दिवस उलटून गेले असतील, तर एअरलाइनशी वाद घालण्याआधी ग्राहक संघटनेत किंवा वकिलाकडे कागद दाखवून घ्या.