'ग्रोटेस्क'ला मराठीत काय म्हणावे?

कलासमीक्षेतील एका लेखाचा अनुवाद करताना 'ग्रोटेस्क' या शब्दासाठी 'विद्रूप', 'विकृत' आणि 'बीभत्स' यांपैकी कोणता शब्द घ्यावा, असा प्रश्न आला आहे. हे तिन्ही शब्द अर्थाच्या जवळपास फिरतात, पण नेमक्या जागी एकही बसत नाही. त्याचे कारण या शब्दाच्या जन्मकथेत आहे.

इ. स. ६४ मध्ये रोममध्ये मोठी आग लागली आणि तिच्यानंतर सम्राट नीरोने तेथे अवाढव्य राजवाडा उभारला. त्याच्या मृत्यूनंतर या राजवाड्याची दालने राडारोड्याने भरून त्यांवर नवी बांधकामे झाली आणि तो विस्मरणात गेला. १४८० च्या सुमारास तो पुन्हा हाती लागला, तेव्हा चित्रकार छताला पडलेल्या भगदाडांतून दोराने आत उतरू लागले. बुजलेली ती दालने गुहांसारखी भासत. गुहेला इटालियन भाषेत 'ग्रोत्ता' म्हणतात, म्हणून तेथील चित्रांना 'ग्रोत्तेस्के' हे नाव पडले. १५०२ मध्ये सिएना येथील एका ग्रंथालयाच्या सजावटीसाठी चित्रकार पिंतुरिक्कियो याच्याशी झालेल्या करारातही हा शब्द आढळतो.

त्या गुहांत दिसणारी चित्रे मुळीच ओंगळ नव्हती. या शैलीचा एखादा नमुना जवळून पाहावा: एक नाजूक देठ सरळ वर चढतो, त्याच्या टोकाला फूल उमलते, त्या फुलातून कमरेपर्यंतचा माणूस बाहेर येतो आणि त्याच्या पायांच्या जागी पुन्हा वेलीची वळणे सुरू होतात, शेजारी काडीएवढ्या दांड्यावर एक अख्खे देऊळ तोललेले असते. रेषा सुबक आहे, रंग प्रसन्न आहेत, तरीही पाहणारा अस्वस्थ होतो, कारण वनस्पती, प्राणी, माणूस आणि वास्तू यांच्यामधल्या सीमा येथे पुसल्या गेल्या आहेत. नीरोच्याही आधी होऊन गेलेला वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस याने अशा चित्रांवर नेमका हाच आक्षेप घेतला होता: अशा गोष्टी नाहीत, असू शकत नाहीत आणि कधी नव्हत्या.

तेव्हा 'ग्रोटेस्क'चा गाभा कुरूपतेत नसून विजोड गोष्टींच्या एकजीव होण्यात आहे. पुढे हा शब्द सजावटीपुरता न राहता माणसांची शरीरे, नाट्यप्रसंग, कथा यांनाही लागू झाला आणि त्यात भीती व हसू यांचे मिश्रण आले. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोने १८२७ मध्ये उदात्ताच्या जोडीने ग्रोटेस्कलाही आधुनिक साहित्यात मानाचे स्थान मागितले. विसाव्या शतकात वोल्फगांग कायझर या जर्मन अभ्यासकाला त्यात ओळखीचे जग एकाएकी परके झाल्याची भीती दिसली, तर मिखाईल बाख्तिन या रशियन अभ्यासकाला लोकोत्सवातले, सतत बदलणारे, खाणारे-पिणारे, जन्म देणारे शरीर आणि त्याचे मुक्त हास्य दिसले. मला दोघांचेही पटते. किंबहुना हे दोन्ही अनुभव एकाच क्षणी येतात, तेव्हाच हा शब्द वापरावा.

आता मराठी शब्दांकडे वळू. 'बीभत्स' हा रसविचारातला शब्द आहे आणि त्याचा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाची मूळ भावना, जुगुप्सा, म्हणजे किळस. तेथे हसण्याला जागा नाही. उलट भरताच्या नाट्यशास्त्रात विकृत वेष हे हास्यरसाचे कारण म्हणून येते. म्हणजे 'विकृत' या शब्दाला पूर्वी हसण्याचे अंग होते, पण आजच्या मराठीत तो माणसाच्या मनोवृत्तीवर ठपका ठेवतो, त्यामुळे कलाकृतीसाठी तो टाळलेला बरा. 'भेसूर' मला फार आवडतो, कारण त्यात भय आणि बेढबपणा दोन्ही आहेत, परंतु गंमत नाही. 'विद्रूप' सर्वांत रुळलेला आहे, मात्र तो ऐकताच सुंदर वस्तू कोणीतरी बिघडवल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते.

माझी पसंती 'विरूप' या शब्दाला आहे. संस्कृतमध्ये त्याचे दोन अर्थ आहेत: बिघडलेल्या रूपाचा आणि नाना रूपांचा. ग्रोटेस्कमध्ये नेमके हेच दोन अर्थ एकमेकांत मिसळतात. भाववाचक नाम 'विरूपता' सहज होते आणि उच्चारालाही अडत नाही.

स्थापत्याच्या लेखात मात्र 'ग्रोटेस्क' तसाच ठेवावा. युरोपातील चर्चच्या भिंतींवरील चमत्कारिक शिल्पांपैकी ज्याच्या तोंडातून पावसाचे पाणी बाहेर पडते ते गार्गॉइल, आणि पाण्याशी संबंध नसलेले, केवळ शोभेचे ते ग्रोटेस्क, असा तेथे तांत्रिक भेद केला जातो.

प्रश्नकर्त्याच्या लेखात दागिन्यांनी मढलेल्या, पक्ष्याची चोच असलेल्या स्त्रीच्या चित्राला हे विशेषण लावले आहे. तेथे 'विद्रूप स्त्री' लिहिले तर दोष त्या स्त्रीच्या चेहऱ्यावर जातो. 'तिच्या विरूपतेने आधी हसू येते आणि मग ते ओठांवरच थिजते' असे लिहिले, तर मूळ शब्दाचा बराचसा भाग मराठीत येतो.