शब्दचर्चा : संकेत करणारा कोण?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील व्याख्यानमालेचे पत्रक मी मराठीत करीत आहे. तीन व्याख्याने आहेत : पदव्यांचे अर्थशास्त्र, बिनतारी संदेशवहन आणि तान्ह्या मुलांचे आकलन. तिन्ही सारांशांत 'सिग्नल' हा शब्द येतो. तिन्हीकडे 'संकेत' चालेल का? आणि 'नॉइज'ला काय म्हणावे?

उत्तर : चालेल की नाही हे सांगण्याआधी वर्तमानपत्रांनी या शब्दाची जी दशा केली आहे तिच्याविषयी बोलणे भाग आहे, कारण आपल्या प्रश्नातली निम्मी अडचण तिथूनच आलेली आहे. 'राज्यात पावसाचे संकेत', 'सोने महागण्याचे संकेत', 'मंत्रिमंडळ विस्ताराचे संकेत' असे मथळे रोज वाचावे लागतात. यांतला तिसरा एकवेळ क्षम्य आहे, कारण तिथे कोणीतरी मुद्दाम काहीतरी सुचवीत असण्याची शक्यता असते. ढगांनी मात्र आपल्याशी काहीही ठरवलेले नसते. पावसाची चिन्हे दिसतात, तापाची लक्षणे दिसतात, चोराचा सुगावा लागतो आणि पाहुण्याची चाहूल लागते. एवढे नेमके शब्द घरात असताना ज्या शब्दाचा प्राणच 'कोणीतरी कोणाशी तरी ठरवणे' हा आहे, तो निर्जीव वस्तूंच्या तोंडी का घालावा, हे मला कळलेले नाही.

इशारा, खूण, रूढी, परवलीचा शब्द हे 'संकेत'चे अर्थ कोणत्याही कोशात मिळतील, त्यांत मी वेळ घालवीत नाही. व्युत्पत्ती पाहू. पारंपरिक पंडित 'सम्' या उपसर्गापुढे 'कित्' हा धातू लावून मोकळे होतात. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'कित निवासे रोगापनयने च' असे आहे, म्हणजे राहणे आणि रोग घालवणे. त्यातून 'निकेतन' आणि 'चिकित्सा' सिद्ध होतात. आता 'संकेत' हा शब्द एकत्र राहण्यातून आला की एकत्र औषध घेण्यातून, हे त्या पंडितांनीच सांगावे. हे व्याकरण नियमाला धरून असेल, अर्थाला धरून नाही. खरे मूळ 'चित्' या धातूत, म्हणजे जाणण्यात आणि ध्यानात येण्यात आहे. वेदातला 'केतु' त्याच कुळातला : उजेड, खूण, निशाण. 'केतुं कृण्वन्नकेतवे' या ऋग्वेदातल्या ओळीत, जे दिसत नव्हते ते दिसू लागते. धूमकेतू आणि मीनकेतन ही नावे त्याच घरची आहेत, आणि जर्मन भाषेतल्या भाववाचक नामांच्या शेवटी येणारा 'हाइट' हा प्रत्ययही 'केतु'चाच दूरचा भाऊबंद आहे. याच कुळात 'केत' असाही शब्द आहे आणि त्याचे अर्थ इच्छा, हेतू, खूण असे आहेत. तेव्हा संकेत म्हणजे दोघांनी मिळून धरलेला हेतू. नैयायिकांनीही, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनीही, या शब्दाची व्याख्या इच्छेवरच उभारली आहे : 'या शब्दापासून हा अर्थ समजावा' अशी इच्छा म्हणजे संकेत. ती इच्छा ईश्वराचीच हवी की कोणाचीही चालेल, यावर प्राचीन आणि नव्य नैयायिकांचा वाद आहे, पण इच्छा हवी याबद्दल नाही. धूर हे अग्नीचे लिंग, म्हणजे ज्यावरून अनुमान करायचे ते चिन्ह आहे, संकेत नव्हे, हे त्यांच्याकडे तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यात येते.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले तिकडे वळतो. संस्कृत साहित्यात संकेताचा सर्वांत लाडका अर्थ प्रेमिकांनी ठरवलेली भेट हा आहे, आणि भेटीचे ठिकाणही त्याच शब्दाने ओळखले जाते. अमरकोशातली अभिसारिकेची व्याख्या पाहा : 'कान्तार्थिनी तु या याति संकेतं साभिसारिका'. प्रियकरासाठी जी संकेताला जाते ती अभिसारिका. 'संकेताकडे जाते' असे म्हटले की ठिकाण आलेच. 'वेबसाइट'ला 'संकेतस्थळ' म्हणताच जे संस्कृतज्ञ अजूनही गालातल्या गालात हसतात, ते याच ओळीमुळे. मला त्यांचे हसणे मान्य नाही. ठरलेला पत्ता टाकला की ठरलेल्या जागी गाठ पडते, हे त्या शब्दाचे अभिजात कार्यच तिथे चालू आहे, आणि इतका रसिक पारिभाषिक शब्द मराठीला सहसा लाभत नाही.

याच अर्थाने जयदेवाने गीतगोविंदात कृष्णाच्या वेणुवादनाचे वर्णन 'नामसमेतं कृतसंकेतं वादयते मृदु वेणुम्' असे केले आहे. राधेचे नाव गुंफून, संकेत करून, तो हळुवार बासरी वाजवतो. आपली तिन्ही व्याख्याने मला या एका ओळीत सापडतात. हे अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून एकेक घेतो.

बिनतारीपासून सुरुवात करू. बासरीचा सूर साऱ्या यमुनातीरावर पसरतो, पण त्यात नाव एकीचेच आहे. मोबाइलवर फोन येतो तेव्हा हेच घडते : मनोरा त्या विभागातल्या सगळ्या फोनांना ऐकू जाईल अशी हाक प्रसारित करतो, तिच्यात एकाच फोनची ओळख गुंफलेली असते, आणि ज्याची ओळख तोच उत्तर देतो. पुढचे अधिक रंजक आहे. 1942 साली अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना एका रेडिओ-योजनेचे अमेरिकी पेटंट मिळाले. पाणतीराला (टॉर्पेडोला) दिल्या जाणाऱ्या आज्ञा शत्रूने अडवू नयेत म्हणून प्रेषक आणि ग्राहक या दोघांनी आधी ठरवलेल्या क्रमाने एका कंप्रतेवरून (फ्रिक्वेन्सीवरून) दुसरीवर उड्या मारीत राहायचे, अशी ती योजना होती. पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे 88 कंप्रता त्यांनी धरल्या होत्या. ज्यांनी ठरवले आहे त्यांचीच गाठ पडते, तिऱ्हाइताला नुसती शांतता ऐकू येते; याला अभिसाराखेरीज दुसरा शब्द मला सुचत नाही. हे माझे वेड आहे असे कोणी म्हणू नये, कारण दोन रेडिओंनी अनेक वाहिन्यांमधून एकमेकांना शोधून काढण्याच्या प्रश्नाला त्या क्षेत्रातले संशोधक स्वतःच 'रॉन्देव्हू', म्हणजे ठरवून घेतलेली भेट, म्हणतात.

तरीही बिनतारी संदेशवहनातल्या प्रत्येक 'सिग्नल'ला संकेत म्हणण्यास माझा विरोध आहे. माहिती-सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांनी 1948 च्या आपल्या प्रबंधात सुरुवातीलाच स्पष्ट केले की संदेशाचा अर्थ काय, याच्याशी अभियांत्रिकी प्रश्नाला कर्तव्य नाही. ज्या लहरीच्या अर्थाशी शास्त्राने मुद्दाम फारकत घेतली, तिला इच्छा आणि करार यांनी भारलेला शब्द देणे ही त्या शास्त्राची फसवणूक आहे. काही परिभाषाकार 'सिग्नल दिसला की संकेत' असे यंत्रवत् करीत सुटतात आणि वर त्याला प्रमाणीकरण म्हणतात. मी त्याला आळस म्हणतो. विजेच्या किंवा रेडिओच्या लहरीला 'सिग्नल'च म्हणावे. हा शब्द रेल्वेच्या खांबावरच्या वरखाली होणाऱ्या हातापासून मराठीत मुरला आहे : सिग्नल पडतो, सिग्नल मिळतो, सिग्नल तोडला जातो. फोनच्या बाबतीत तर लोकांनी तोही बाजूला सारून 'रेंज नाही' असे सुटसुटीत म्हणणे पसंत केले आहे. 'संकेत' राखून ठेवावा तो दोन्ही टोकांना आधीच ठाऊक असलेल्या भागासाठी. जीएसएम या मोबाइल पद्धतीत 148 बिटांच्या नेहमीच्या तुकड्याच्या मधोमध 26 बिटांचा असा एक भाग असतो, ज्यात नवी माहिती काहीच नसते. तो कसा असणार हे ग्राहकाला आधीच माहीत असते, म्हणून तो बिघडून आला की वाटेत लहरींचे काय झाले याचा अंदाज ग्राहक बांधतो आणि बाकीचा संदेश दुरुस्त करून घेतो. याला 'पूर्वसंकेत' म्हणा, मी आनंदाने सही करीन.

अर्थशास्त्राकडे वळताना बासरी सोडून अभिसारिकेकडे पाहावे लागते. बासरी वाजवायला कृष्णाला काही खर्च येत नाही. ज्या बोलण्याला मोल पडत नाही त्याला अर्थशास्त्रज्ञ 'चीप टॉक' म्हणतात, आणि त्यावर किती विश्वास ठेवावा हा त्यांच्याकडे स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. काळोखातून, चिखलातून, सापांना आणि सासूला न भिता निघालेली अभिसारिका मात्र मोठी किंमत मोजते, आणि जिचे मन तितके ओढ घेत नाही तिला ती किंमत परवडत नाही. अर्थशास्त्रज्ञ मायकल स्पेन्स यांचा 1973 चा सिद्धांत नेमका हाच आहे. मालकाला उमेदवाराची कुवत दिसत नाही, पदवी दिसते. कुवतवानाला ती पदवी मिळवणे इतरांपेक्षा कमी कष्टाचे पडते, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवता येतो, मग त्या शिक्षणाने कामातले कौशल्य काडीभरही वाढलेले नसले तरी. अशा विषम माहितीच्या बाजारांच्या विश्लेषणाबद्दल 2001 साली स्पेन्स यांना जॉर्ज अ‍ॅकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. शब्दाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की स्पेन्स यांनी त्याच लेखात दोन कप्पे केले आहेत. उमेदवाराला जे बदलता येते, जे तो ठरवून करतो, तो सिग्नल. आणि स्त्री-पुरुष असणे किंवा वंश यांसारखे जे त्याच्या हाती नाही, तो 'इंडेक्स'. ढगांचे काळेपण दुसऱ्या कप्प्यात जाते. नैयायिकांनी लिंग आणि संकेत यांत केलेला भेद अर्थशास्त्राने आपल्या वाटेने पुन्हा शोधून काढला, आणि आमचे वार्ताहर मात्र 'बाजारात मंदीचे संकेत' लिहीत बसले. पहिल्या व्याख्यानात 'संकेत' डोळे मिटून वापरा. 'इंडेक्स' आला तर 'निर्देशांक' मात्र करू नका, तो आकडा असतो. तिथे 'लक्षण' हवे.

राहिले तान्हे मूल. त्यालाही नावाची हाक लागते : साडेचार महिन्यांची बाळे आपले नाव इतर नावांपासून वेगळे ओळखतात, असे 1995 साली प्रयोगाने दाखवले गेले. गेर्गेली चिब्रा आणि ग्यॉर्गी गेर्गेली या मानसशास्त्रज्ञांच्या मते नावाने हाक मारणे, डोळ्याला डोळा देणे आणि बाळाशी आपण ज्या लाडिक सुरात बोलतो तो सूर, या तिन्हींतून बाळाला 'हे तुझ्यासाठी आहे' एवढे कळते, आणि मग ते शिकायला तयार होते. 2008 साली आत्सुशी सेंजू आणि चिब्रा यांनी सहा महिन्यांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात, मोठ्या माणसाने आधी नजर मिळवली किंवा तसे लाडिक बोलणे केले, तरच ती मुले त्याच्या नजरेमागून वस्तूकडे वळली. दोन नजरांनी एका वस्तूवर येऊन भेटायचे हे संकेतस्थळच झाले, म्हणून इथे 'संकेत' निर्धास्त योजावा. निव्वळ योगायोगाने मुलाच्या ध्यानात आलेल्या गोष्टीला मात्र 'खूण' म्हणावे.

या विषयावर आपल्याकडे फार जुनी चर्चा आहे, आणि आपल्या वक्त्यांना ती ठाऊक नसेल तर पत्रकातून कळू द्या. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचा आणि पुढे साहित्यशास्त्र्यांचा लाडका दृष्टान्त असा : एक वडीलधारा दुसऱ्या मोठ्या माणसाला 'गाम् आनय' म्हणतो, तो गाय आणतो, शेजारचे मूल पाहत असते. पुढे 'गाय बांध', मग 'घोडा आण' असे ऐकू येते. एक शब्द काढला, दुसरा घातला की काय बदलते हे पाहून मूल प्रत्येक शब्दाचा संकेत वेगळा काढते. या काढघालीला 'आवापोद्वाप' असे नाव आहे. लिंडा स्मिथ आणि चेन यू यांनी 2008 साली बारा आणि चौदा महिन्यांच्या मुलांवर जे प्रयोग केले, त्यांतही एका प्रसंगातून न कळणारा शब्दार्थ अनेक प्रसंग ताडून मुले काढतात, असेच दिसले. फरक इतकाच की मीमांसकांचे मूल आज्ञा आणि कृती पाहते, तर प्रयोगशाळेतले मूल पडद्यावरची चित्रे.

'नॉइज'बद्दलही आपण विचारले होते. त्याला 'गोंगाट' म्हणू नका. 1928 साली जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी अभ्यासलेला विद्युतरोधातला नॉइज उष्णतेमुळे निर्माण होतो आणि थेट कोणाच्या कानावर पडत नाही. जुन्या रेडिओ-श्रोत्यांनी या गोष्टीला 'खरखर' हे चांगले नाव दिले होते, ते बिनतारीच्या व्याख्यानाला पुरेल. अर्थशास्त्रात फिशर ब्लॅक यांनी 1986 साली हा शब्द 'माहिती'च्या विरुद्ध अर्थी योजला आहे; तिथे खरखर म्हटले तर शेअर दलाल रेडिओ लावून बसल्यासारखा वाटेल, तेव्हा 'नॉइज'च ठेवा.