फ्रेंचमधल्या 'ओझुर्दुई' (aujourd'hui, म्हणजे आज) या शब्दाच्या पोटात अपॉस्ट्रॉफी (') का असते?

कारण तो मुळात एक शब्द नाहीच, चार शब्दांची माळ आहे: ओ + झूर + द + उई. शब्दशः अर्थ 'आजच्या दिवशी'. 'द'मधला स्वर पुढच्या 'उई'मुळे गळला, त्याची खूण म्हणजे ती अपॉस्ट्रॉफी. पुढे सगळे मिळून एकच क्रियाविशेषण झालं, खूण मात्र तशीच राहिली.

खरी गंमत 'उई'मध्ये आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'आज'ला एवढंच म्हणत. ते आलं लॅटिन 'होदिए'वरून, आणि होदिए म्हणजे 'होक दिए', या दिवशी. स्पॅनिश 'ओय' आणि इटालियन 'ओज्जी' त्याचीच भावंडं. फ्रेंचमध्ये तो झिजून इतका तोकडा झाला की बोलताना जोर यावा म्हणून लोक 'उईच्या दिवशी' म्हणू लागले. त्यातला 'झूर' (दिवस) हाही लॅटिन 'दिएस'च्याच कुळातला. म्हणजे एका शब्दात दिवस दोनदा! आता बोलताना कुणी 'ओ झूर दोझुर्दुई' म्हणतं, तेव्हा तिसऱ्यांदा. फ्रेंच शिक्षक त्यावर लाल रेघ मारतात. मला तो भाषेचा जिवंतपणा वाटतो.

आपलंही तेच आहे. संस्कृत 'अद्य' म्हणजे 'या दिवशी', प्राकृतात 'अज्ज', मराठीत 'आज'. त्यातला 'द्य' आणि लॅटिन 'दिएस' एकाच प्राचीन मुळाचे. तरी घरी आलेल्या पाहुण्याला आपण "आजचा दिवस राहा ना" असंच म्हणतो.