फौजीने अपंगत्व पेन्शनची केस मागे घ्यावी का?

प्रश्न: दादा, मी चाळीसगाव तालुक्यातला, तोफखान्यातून हवालदार म्हणून २०१४ ला घरी आलो. डाव्या कानाने ऐकू येत नाही. सुटताना मेडिकल बोर्डाने २० टक्के लिहिलं पण पुढे 'नोकरीमुळे नाही' असा शेरा मारला, त्यामुळे अपंगत्वाचा एक रुपया मिळाला नाही. दोन्ही अपिलं फेटाळली मग २०२३ ला मुंबईच्या ट्रिब्युनलमध्ये (फौजींच्या केसेस चालतात ते न्यायाधिकरण) केस टाकली. प्रत्येक तारखेला रात्रीची गाडी पकडतो, तिथे पाच मिनिटात पुढची तारीख. बायको म्हणते, "सोडी द्या आते." एक जण म्हणतो ही मागे घे, मी नवीन टाकून देतो, लवकर लागेल. मागे घेतली तर चालू पेन्शन बंद होईल का?

उत्तर: भाऊ, चालू पेन्शनला काही होत नाही. ती तुमच्या नोकरीच्या वर्षांची आहे, केस ठेवा नाहीतर काढा. पण ते 'नवीन टाकून देतो' वालं मला अजिबात पटलं नाही.

सुप्रीम कोर्टाने २००८ ला तरसेम सिंग केसमध्ये सांगितलंय की उशिरा आलेल्याला मागची थकबाकी साधारण केस टाकल्याच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळते. म्हणजे तुम्ही जिंकलात तर २०२० पासूनचा फरक. आता ही काढून २०२६ ला नवीन टाकली तर मोजणी २०२३ पासून, मधली तीन वर्षं गेली पाण्यात. आणि रक्कम काही चिल्लर नाही, अपंगत्व मान्य झालं तर २० टक्क्याचे राउंड करून ५० धरतात, रिटायर होऊन आलेल्यांनाही हे लागू आहे असं राम अवतार निकालात २०१४ लाच ठरलंय. शिवाय भरतीच्या वेळी कान ठणठणीत होता ना? कागदावर तेव्हा काही दोष नसेल तर आजार नोकरीतलाच धरायचा आणि तसं नाही हे खात्याने सिद्ध करायचं, हा २०१३ चा धर्मवीर सिंग निकाल. तोफखान्यातला माणूस आणि कान, अजून काय सांगायचं!

एखादा कागद राहिला असेल तर वकिलाला विचारा, चालू केसमध्येच जोडता येतो का किंवा दुरुस्ती होते का, त्यासाठी केस काढायची गरज नसते. अगदीच काढायची वेळ आली तर ऑर्डरमध्ये 'पुन्हा दाखल करण्याची मुभा देऊन' हे शब्द आलेच पाहिजेत, नुसतं 'मागे घेतली' असं लिहून आलं तर त्याच मागणीसाठी परत उभं राहणं फार अवघड, आणि मुभा मिळाली तरी तारखेचं नुकसान होऊ शकतंच. कोऱ्या कागदावर सही तर कुणालाच देऊ नका.

खात्याने स्वतःहून मान्य केलं म्हणून मागे घेणारेही असतात, त्यांनी आधी सुधारित पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) हातात घ्यावा आणि बँकेच्या खात्यात पैसे आलेले बघावे, मग सही.

आणि दर तारखेला रात्रीची गाडी कशाला? वकीलपत्र दिलंय ना, वकील उभे राहतात, तुम्हाला बोलावलं तरच जा. आदल्या दिवशी फोन करून विचारत जा, वहिनींचाही जीव थाऱ्यावर राहील.