दोरीच्या बाहेर

"माझ्यामुळे हे झालं असेल, तर मी पुन्हा त्या कामाला हात कसा लावू?"

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. रुग्ण दगावलेल्या परिचारिकेने, हातून अपघात झालेल्या चालकाने, मूल पडल्याचं दुःख उराशी धरून बसलेल्या आईने. मला स्वतःला त्याचं उत्तर सगळ्यांत नीट उमगलं ते एका स्वयंसेवी अग्निशमन पथकाबरोबर समुपदेशक म्हणून काम करताना. त्यांना विचारूनच लिहिते आहे, आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

पथकात पगारी कोणी नव्हतं. दिवसभर आपापला कामधंदा करायचा आणि वर्दी आली की हातातलं टाकून धावायचं. जगात आगीशी लढणाऱ्यांत अशी माणसं फार मोठ्या संख्येने आहेत. जर्मनीत तर अग्निशमन दलांतले ९० टक्क्यांहून अधिक लोक स्वयंसेवक आहेत. या माणसांचं केंद्राशी असलेलं नातं नोकरीच्या जागेसारखं नसतं. रविवारी सकाळी कोणी सांगितलेलं नसताना ती बंब धुवायला जातात.

एका रात्री वर्दी आली ती त्यांच्याच केंद्राची.

ते पोहोचले तेव्हा छप्पर पेटलेलं होतं. दोन्ही बंब आत, पाण्याचे होज आत, हेल्मेट, श्वसनसंच, आगीत शिरायचे पोशाख, सगळं आत. शेजारच्या पथकाने येऊन आग विझवली. आणि हे सगळे, ज्यांना त्या इमारतीचा कोपरा न् कोपरा अंधारातही सापडला असता, ते घरच्या कपड्यांत, पायांत चपला, दोरीच्या बाहेर उभे.

पथकप्रमुख माझ्याकडे आले ते तीन आठवड्यांनी. पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे. "मॅडम, फक्त झोपेचं बघा. बाकी सगळं ठीक आहे." दुसऱ्या भेटीत मात्र ते आपणहून बोलले. "त्या पथकातला एक पोरगा मला म्हणाला, काका, मागे व्हा. बरोबरच बोलला. मीसुद्धा आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो. पण मागे होणाऱ्याच्या मनात काय होतं, ते मला त्या रात्री कळलं."

मालमत्ता गेली, विमा अपुरा होता, नवा बंब मिळायला किती काळ लागेल याचा पत्ता नव्हता. हे सगळं खरंच होतं. पण त्यांना आतून पोखरत होती ती शरम. "आगवाल्यांचंच घर जळलं" हे वाक्य त्यांना कोणी तोंडावर ऐकवलेलं नव्हतं. ते स्वतःच स्वतःला ऐकवत होते. मी त्यांना जर्मनीतल्या श्टाटआलेंडॉर्फची घटना सांगितली. तिथलं अग्निशमन केंद्र नवंकोरं होतं, उघडून वर्षही झालं नव्हतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते आतल्या गाड्यांसह जळालं, आणि नियमाने सक्ती नसल्यामुळे तिथे आगीची सूचना देणारी यंत्रणाच नव्हती. प्रमुख बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडेही नव्हती."

त्यानंतर त्यांनी खरा विषय काढला. त्या संध्याकाळी केंद्रातून शेवटी बाहेर पडला होता तो पथकातला सगळ्यांत तरुण मुलगा. वॉकीटॉकीच्या बॅटऱ्या त्याने चार्जिंगला लावल्या होत्या, रोजच्यासारख्या. आगीनंतर तो यायचा बंद झाला होता. त्याला कोणी दोष दिला नव्हता, पण "तुझ्यामुळे नाही" असंही कोणी म्हटलं नव्हतं, कारण ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तपासाचा अहवाल आला तेव्हा त्यातही कारण 'अनिश्चित' असंच लिहिलेलं होतं. आगीच्या तपासात ही रीतसर नोंद असते. पुरावाच जळून गेला असेल, तर प्रामाणिक तपासनीस अंदाजाला निष्कर्ष म्हणत नाही. पण ज्याच्या मनात शंका बसली आहे, त्याच्यासाठी या एका शब्दाने दार उघडंच राहतं.

मधल्या काळात प्रमुखांनी एक गोष्ट केली होती, अगदी चांगल्या हेतूने. आगीनंतर तिसऱ्या दिवशी सगळ्यांना गोल बसवून प्रत्येकाला त्या रात्रीबद्दल बोलायला लावलं होतं. या पद्धतीला मोठा इतिहास आहे. १९८३ मध्ये जेफ्री मिशेल यांनी आपत्कालीन सेवांतल्या लोकांसाठी अशा गटबैठकीची रचना मांडली आणि ती जगभर पसरली. पुढे अभ्यास जमा झाले, तेव्हा घटनेनंतर लगेच घेतलेल्या एका बैठकीने पुढचा मानसिक त्रास टळतो असं काही दिसलं नाही. काहींचा त्रास उलट वाढल्याचंही आढळलं. बोलणं वाईट नाही. सक्तीने बोलायला लावणं वाईट. तो मुलगा त्या बैठकीत दोन वाक्यं बोलला, उठून बाहेर गेला आणि परत आला नाही.

त्याला माझ्याकडे घेऊन आली त्याची आई. पहिली अर्धी भेट तो जमिनीकडे बघत होता. मग एकच वाक्य: "मला माहीत असायला हवं होतं."

या वाक्यावर मी नेहमी थांबते. निकाल कळल्यावर तो आधीही स्पष्टच दिसत होता असं वाटणं, ही मनाची जुनी खोड आहे. १९७५ मध्ये मानसशास्त्रज्ञ बारुक फिशहॉफ यांनी प्रयोगातून दाखवलं की शेवट सांगितलेल्या लोकांना तो शेवट फारच संभवनीय वाटतो, आणि शेवट कळल्यामुळे आपलं मत बदललं आहे हे त्यांच्या लक्षातही येत नाही. मुलाला मी हे सांगितलं, पण सांगून भागत नाही. म्हणून कागद घेतला, एक मोठं वर्तुळ काढलं आणि विचारलं, "आग लागायला आणि ती इतकी वाढायला काय काय कारण असू शकतं? तू सोडून सगळं आधी लिही."

त्याने लिहायला सुरुवात केली. जुनं वायरिंग, जे बदलायचं दोन बैठकांत पुढे ढकललं होतं. धुराचा अलार्म नव्हता. चार्जिंगची जागा पोशाखांच्या कपाटाला लागून होती. रात्री प्लग काढायचा नियमच नव्हता. बॅटरीतला दोष. बंबातला विजेचा दोष. प्रत्येकाला वर्तुळातला वाटा द्यायचा आणि आपला वाटा सगळ्यांत शेवटी आखायचा. आधी स्वतःचा वाटा आखला तर माणूस पूर्ण वर्तुळच व्यापून टाकतो. त्याच्यासाठी उरली ती एक बारीक फाक. ती मी पुसली नाही. "तुझा काहीच संबंध नाही" असं म्हटलं असतं, तर त्याचा माझ्यावरचा विश्वास तिथेच संपला असता. त्या फाकेकडे बघत तो म्हणाला, "एवढीच असली तरी आहे ना." मी म्हटलं, "असेल. एवढ्या फाकेचं ओझं घेऊन काम करता येतं का, ते बघू."

मग प्रमुखांशी बोलले. २००७ मध्ये मानसिक आघातावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या एका गटाने, स्टीव्हन हॉबफॉल यांच्या पुढाकाराने, मोठ्या संकटानंतर माणसांना सावरायला काय लागतं हे एकत्र मांडलं: सुरक्षितता, शांतपणा, आपल्याला आणि आपल्या गटाला जमतं हा विश्वास, एकमेकांशी जोडलेलं असणं आणि आशा. या पथकाची तिसऱ्या जागी दोरी तुटली होती. जमतं हा विश्वास कोणाच्या भाषणाने येत नाही, हाताने काहीतरी जमल्यावर येतो. म्हणून मी त्यांना म्हटलं, नव्या बंबाची वाट बघू नका. आत्ता हाताशी काय आहे?

शेजारच्या पथकाने काही जुने होज आणि वापरातून काढलेला एक बंब देऊ केला होता. प्रमुखांनी शरमेपोटी उत्तरच दिलं नव्हतं. त्यांनी तो फोन माझ्यासमोर केला. मला तो क्षण फार मोठा वाटला. आयुष्यभर मदत देणाऱ्याला मदत घेताना केवढं बळ लागतं, ते त्यांच्या आवाजात ऐकू येत होतं.

त्या आठवड्यात एका उधारीच्या शेडमध्ये कवायत सुरू झाली. आगीची नाहीच, फक्त होज उलगडायचा, जोडायचा, गुंडाळायचा. मुलाला मी 'ये' म्हटलं नाही, 'कवायत बघायला जाशील का' एवढंच विचारलं. पहिल्यांदा तो रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला. दुसऱ्यांदा दारात. तिसऱ्यांदा होजची कपलिंग नीट बसेना, तेव्हा न राहवून पुढे आला आणि बसवून दिली. प्रमुखांनी तेव्हा एक फार शहाणी गोष्ट केली: काहीच बोलले नाहीत.

इथे एक सांगायलाच हवं. प्रत्येकजण असा सावरत नाही, आणि तो त्याचा दुबळेपणा नसतो. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत हळूहळू उतरतो. पण महिना उलटूनही तीच रात्र डोळ्यांसमोर येत असेल, झोप लागत नसेल, दारू वाढली असेल, माणूस सगळ्यांना टाळत असेल, तर आघातावरचे खास मानसोपचार उपलब्ध आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. प्रमुखांच्या बाबतीत मला हे करावं लागलं. त्यांना मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि ते गेले.

पहिली वर्दी आली ती रस्त्यावर पडलेल्या झाडाची. आग नव्हतीच. जुना बंब घेऊन सातजण गेले, फांद्या कापल्या, रस्ता मोकळा केला. मुलगा मागच्या सीटवर होता. परत आल्यावर नव्या नोंदवहीत पहिली नोंद कोणी करायची यावर थोडी कुजबुज झाली आणि वही त्याच्या हातात दिली गेली. वेळ, ठिकाण, कामाचं स्वरूप, हजर माणसं. स्वतःचं नाव त्याने शेवटी लिहिलं.

शेडमध्ये आता धुराचे दोन अलार्म आहेत. दर शनिवारी तोच त्यांचं बटण दाबून बघतो. चार्जिंगची जागा भिंतीपासून लांब, पोशाखांपासून दूर, आणि रात्री प्लग काढल्याची सही होते. बॅटऱ्या चार्जिंगला मात्र तो अजून लावत नाही. त्या वेळी दुसरं कोणीतरी सहज उठतं, पिन लावतं आणि परत येऊन बसतं.